नेपाळमध्ये आपल्या गाडीला अपघात झाला तर?

प्रश्न : नमस्कार ताई, दिवाळीनंतर आम्ही दोन कुटुंबं स्वतःच्या गाडीने सोनौलीमार्गे पोखरा आणि पुढे मुक्तिनाथ करायचं म्हणतोय. घरातली मोठी माणसं मात्र तयारच होत नाहीत, ऑगस्ट 2024 ला आपल्याच जिल्ह्यातल्या भाविकांची बस तिकडे नदीत गेली ते अजून कुणी विसरलेलं नाही. देव करो काही न होवो, पण झालंच तर आपला इन्शुरन्स तिकडे चालतो का आणि कोणाला फोन करायचा?
— एक वाचक, जळगाव जिल्हा

उत्तर : घरच्यांची भीती अगदी खरी आहे हो. ती बस पोखऱ्याहून काठमांडूला जाताना तनहुं जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली होती आणि आपल्या माणसांचे मृतदेह वायुसेनेच्या विमानाने जळगावला आणावे लागले. त्यामुळे तुम्ही निघायच्या आधी विचारताय हे फार बरं केलं, कारण निम्मं काम इथे घरी बसूनच करायचं असतं.

आधी इन्शुरन्स. आपली नेहमीची पॉलिसी भारताच्या हद्दीपुरतीच असते, सोनौलीची सीमेवरची कमान ओलांडली की संपली, मग ती झिरो डेप (म्हणजे घसारा न कापता भरपाई देणारी) असो नाहीतर आणखी काही. पण त्याच पॉलिसीला नेपाळपुरती हद्द वाढवून मिळते, जादा प्रीमियम भरून एन्डॉर्समेंट म्हणजे पॉलिसीला जोडलेला तसा लेखी बदल घ्यायचा, एजंटला 'जिओग्राफिकल एक्स्टेन्शन' म्हणा म्हणजे त्याला कळेल. तो 'चालतं हो सगळं' म्हणाला तरी ऐकू नका, कागद हातात येईपर्यंत निघायचं नाही. माणसांसाठी ट्रॅव्हल इन्शुरन्स वेगळा, आणि मुक्तिनाथला जाताय म्हणजे त्यात उंचीवरचे भाग आणि हेलिकॉप्टरने खाली आणायचा खर्च धरलाय का ते नक्की वाचा.

आता प्रत्यक्ष धडक झाली तर. आधी जखमी माणूस बघा, मग बाकीचं. पोलिस 100, ॲम्ब्युलन्स 102, ट्रॅफिक पोलिस 103, हे नंबर गाडीतल्या सगळ्यांच्या मोबाईलमध्ये हवेत आणि सीमेवरच एक नेपाळी सिम घ्या. जागा सोडून पळायचं अजिबात नाही, अगदीच गर्दी अंगावर आली तर सरळ जवळच्या पोलिस चौकीत जाऊन बसा. गाडी हलवायच्या आधी फोटो काढा, दोन्ही नंबरप्लेट, रस्ता, टायरच्या खुणा सगळं. नुसतं पत्र्यावर निभावलं असेल तर बऱ्याचदा तिथल्या तिथे तडजोड होते, पण ती रस्त्यावर पैसे देऊन करू नका, पोलिसांसमोर कागद करून घ्या, तिकडे त्याला मिलापत्र म्हणतात. आणि रक्कम ठरताना आयसी की एनसी, म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी, हे आधी विचारा कारण आपल्या 100 रुपयांचे तिकडे 160 होतात, गडबडीत माणूस दीडपटीहून जास्त देऊन बसतो.

कोणी जखमी झालं असेल तर मात्र प्रकरण लांबतं. गाडी आणि लायसन्स पोलिसांकडे राहतं, ड्रायव्हरलाही थांबवून ठेवतात. आणि इथेच एक गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही ती म्हणजे भन्सार. सीमेवर गाडीसाठी जो कस्टमचा परवाना घेता तो ठराविक दिवसांचा असतो आणि गाडी चौकीत उभी असली तरी त्याचे दिवस चालूच राहतात, मुदत उलटली की दंड. त्यावरची तारीख विक्रम संवतातली असते म्हणून ती इंग्रजी तारखेत बदलून तिथेच लिहून घ्या. माझं ऐकाल तर भन्सार लागतंय त्यापेक्षा चार दिवस जास्तीचंच काढा, फी रोजच्या हिशेबाने असते, फार फरक पडत नाही. आणि गाडी पार चेपली तरी तशीच टाकून बसने परत येऊ नका, ती तुमच्या नावावर आत आलेली आहे, भन्सार कार्यालयात जाऊन पोलिसांचा कागद दाखवून मुदतीचं आणि गाडी बाहेर नेण्याचं विचारायचं.

इन्शुरन्स कंपनीला त्याच दिवशी कळवा, घरी आल्यावर सांगू असं ठेवू नका आणि सर्वेअरचं म्हणजे नुकसान तपासणाऱ्या माणसाचं ठरेपर्यंत दुरुस्ती सुरू करू नका. पोलिसांच्या मुचुल्क्याची म्हणजे पंचनाम्याची सही-शिक्क्याची प्रत मागून घ्या, त्यावरही तारीख संवताचीच येईल, शेजारी इंग्रजी तारीख टाकायला सांगा नाहीतर इथे क्लेमवाले तुम्हाला हेलपाटे घालायला लावतील.

आपली एम्बसी काठमांडूत लैनचौरला आहे आणि बीरगंजला कॉन्सुलेट आहे. ते नुकसानभरपाई भरत नाहीत, पण कोणाला अटक झाली किंवा कोणी हॉस्पिटलमध्ये असेल तर लगेच कळवा, ॲडमिट करून झाल्यावर दुसऱ्या दिवशी नाही. पोखरा-काठमांडू रस्त्यावरच्या मुगलिंगच्या बाजूला काही झालं तर गंभीर जखमींना सहसा भरतपूरला नेतात, तिथे मोठी हॉस्पिटलं आहेत.

गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर त्याचं संमतीपत्र आणि ओरिजिनल आरसी बुक सोबत ठेवा. आणि मुगलिंगकडचा तो नदीकाठचा रस्ता रात्री करू नका हो, मोठ्यांना सोबत नेताय, संध्याकाळी जिथे असाल तिथे मुक्काम टाका.