‘प्रयत्नांचे अनुमान’ की ‘श्रमांचा अंदाज’?

प्रश्न असा आला आहे : सॉफ्टवेअर प्रकल्पांवरच्या एका मराठी टिपणात ‘एफर्ट एस्टिमेशन’साठी (कामाला किती श्रम लागतील ते आधी ठरवण्यासाठी) ‘प्रयत्नांचे अनुमान’ असं लिहिलं आहे. ते योग्य आहे का?

मला दोन्ही शब्द खटकतात. ‘प्रयत्न करतो’ म्हटलं की ऐकणारा समजून जातो, काम होईलच असं नाही. इथे मोजायचे आहेत ते काम पुरं व्हायला लागणारे श्रम. त्यांचं एकक मनुष्यदिवस किंवा मनुष्यमहिना, म्हणजे एका माणसाचं एका दिवसाचं किंवा एका महिन्याचं काम. सॉफ्टवेअर अभियंते बॅरी बोएम यांच्या १९८१च्या ‘कोकोमो’ या श्रम मोजण्याच्या पद्धतीत मनुष्यमहिना १५२ तासांचा धरला आहे. मात्र श्रम म्हणजे मुदत नव्हे. बारा मनुष्यमहिन्यांचं काम बारा जणांना लावून महिन्याभरात उरकत नाही. सॉफ्टवेअर अभियंते फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच बजावलं होतं की रखडलेल्या प्रकल्पात माणसं वाढवली तर तो आणखी रखडतो, कारण जुन्यांचा वेळ नव्यांना शिकवण्यात जातो.

आता ‘अनुमान’. धूर दिसला, म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे न्यायशास्त्रातलं, म्हणजे भारतीय तर्कशास्त्रातलं अनुमान. पुरावा समोर असतो, त्यातून निष्कर्ष निघतो. म्हणूनच अनुमान आपण ‘काढतो’. अंदाज मात्र ‘बांधतो’, कारण तो अजून न घडलेल्या गोष्टीचा असतो, हाती असलेल्या तुटपुंज्या माहितीवर उभा केलेला. प्रकल्पाच्या अगदी सुरुवातीला तो प्रत्यक्षाच्या चौपट किंवा पाव भरू शकतो, हे बोएम यांनीच मांडलं आहे. इतकी मोकळीक ‘अंदाज’ या शब्दात मावते, ‘अनुमाना’त मावत नाही.

‘कयास’ मला फार आवडतो. मूळ अरबी ‘कियास’मध्ये एका गोष्टीवरून दुसरी मापण्याचा, तुलनेचा अर्थ आहे. मागच्या प्रकल्पाला किती श्रम लागले त्यावरून नव्याचं ठरवणं म्हणजे नेमका कयासच. पण आजच्या मराठीत तो अटकळीकडे झुकला आहे, त्यामुळे तांत्रिक लेखनात गैरसमज होईल. ‘ठोकताळा’ मात्र सूत्रांसाठी जरूर वापरावा : सर्वांत कमी श्रम, सर्वांत संभाव्य श्रमांची चौपट आणि सर्वांत जास्त श्रम यांच्या बेरजेला सहाने भागणं, हा असाच एक ठोकताळा.

खरी गडबड क्रियापदात होते. कचेरीत ‘एस्टिमेट दिलं’ म्हणतात. मराठीत शब्द ‘देतात’, वचन ‘देतात’. त्यामुळे दिलेला आकडा ऐकणाऱ्याच्या मनात वायदा होऊन बसतो आणि चुकला की ‘शब्द पाळला नाही’ अशी तक्रार येते. प्रोग्रामरने मात्र फक्त अंदाज बांधलेला असतो. म्हणून टिपणातलं वाक्य मी असं लिहीन : ‘या कामाला ४० ते ७० मनुष्यदिवस लागतील असा अंदाज बांधला आहे, मुदत स्वतंत्रपणे ठरवू.’