कबुली दिली, तरी फेड उरतेच

ख्रिस्ती श्रद्धेतलं पाप, क्षमा आणि तारण याविषयी वाचकांनी विचारलेले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट शिकवण जिथे वेगळी पडते तिथे तसं स्पष्ट लिहिलं आहे. सगळ्यांचं मत एकच असल्याचा आव आणला, तर उत्तर सोपं होतं पण खरं राहत नाही.

प्रश्न : नोकरीत असताना हिशेबात फेरफार करून मी पैसे काढले. कुणाला कळलं नाही. आता मनापासून पश्चात्ताप झाला आहे, देवाची क्षमाही मागितली. क्षमा झाली असेल, तर पैसे परत करायची गरज उरते का?

उत्तर : उरते, आणि याबाबत पंथापंथांत मतभेदही नाही. मोशेच्या नियमशास्त्रात तर हिशेबच मांडून दिला आहे. फसवून घेतलेलं असेल ते पुरतं परत करायचं, वर त्याचा पाचवा हिस्सा घालायचा, आणि तोही दोषार्पण, म्हणजे अपराधासाठी देवाला वाहायचं अर्पण, आणण्याच्या दिवशीच (लेवीय ६). मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं, तर एकाला चार; बैल असेल तर पाच (निर्गम २२). नव्या करारात जक्कय हा जकातदार ‘अन्यायाने घेतलं असेल त्याच्या चौपट परत देतो’ म्हणतो (लूक १९), तेव्हा हे जुनं गणित त्याच्या डोक्यात असणार.

त्या प्रसंगातला क्रम मात्र नीट पाहा. येशू आधी त्याच्या घरी उतरतो, जक्कय पैशाचं नंतर काढतो. परतफेड करून त्याने क्षमा विकत घेतली नाही. स्वीकार झाला म्हणून त्याचा हात सैल सुटला. तुमच्या पैशाचंही तसंच आहे. ते परत केल्याने देवाची कृपा मिळते असं नाही, पण परत करायची ऐपत असून इच्छाच नसेल, तर पश्चात्ताप खरा आहे का, हा प्रश्न कुठलाही जाणता पाळक विचारेल.

प्रत्यक्षात काय करावं? रक्कम ज्याची त्याच्याकडे गेली पाहिजे. मालक हयात नसेल तर वारसांकडे. कुणाचाच पत्ता लागत नसेल, तरच गरिबांना. इथे चूक होते ती ठरलेली. माणूस मालकाला टाळतो आणि तीच रक्कम चर्चच्या दानपेटीत टाकून मोकळा होतो. दुसऱ्याच्या पैशाने केलेलं ते दान आहे, फेड नव्हे. एकरकमी जमत नसेल तर हप्त्यांनी द्या. नाव उघड करण्याची सक्ती धर्मशिकवणीत नाही. पैसे धर्मगुरूंच्या हाती देऊन त्यांच्यामार्फत परत पोचवण्याची रीत जुनी आहे. कायद्याच्या बाजूने काय होऊ शकतं, हे मात्र आधी वकिलाला विचारून घ्या.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. त्या तुटीचा आळ दुसऱ्या कुणावर आला होता का? आला असेल, तर नुसती रक्कम पोचवून भागत नाही. त्या माणसाचं गेलेलं नावही तुम्ही देणं लागता, आणि ते गुपचूप परत करता येत नाही.

प्रश्न : मी कॅथलिक आहे. बऱ्याच वर्षांनी पापकबुलीला जायचं आहे. नेमकं काय, किती आणि कसं सांगायचं, हेच विसरायला झालं आहे.

उत्तर : जाण्याआधी शांत बसून दहा आज्ञा एकेक करून स्वतःला लावून पाहा. केलेलं आठवतं, न केलेलं सहसा सुटून जातं. चांगलं करणं ठाऊक असून जो करत नाही, त्याचं ते पापच आहे, असं याकोब नव्या करारातल्या आपल्या पत्रात लिहितो (४:१७). म्हाताऱ्या आईवडिलांकडे केलेलं दुर्लक्ष, दिसत असून गप्प बसणं, हेही यादीत येतं.

गंभीर पाप ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात. बाब मोठी हवी, ती मोठी आहे याची पूर्ण जाणीव हवी, आणि ती स्वेच्छेने केलेली हवी. तिन्हीपैकी एक जरी नसेल, तर दोष कमी होतो. अशी गंभीर पापं प्रकार आणि संख्येसह सांगावी लागतात. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मपरिषदेने १५५१ साली हे ठरवून दिलं. किरकोळ पापं सांगणं सक्तीचं नाही, पण हिताचं आहे. वर्षानुवर्षांचा नेमका आकडा कुणालाच आठवत नाही. ‘दोनेक वर्षं, महिन्यातून एकदा तरी’ एवढं पुरतं.

आत गेल्यावर क्रुसाची खूण करा, मागची कबुली साधारण कधी झाली ते सांगा आणि थेट पापांकडे या. फार दिवसांनी आलोय, पद्धत विसरलोय, असं सुरुवातीलाच म्हटलंत तर फादर पुढचं सांभाळून घेतात. तुमचं सांगून झालं की ते एखादं प्रायश्चित्त देतील: प्रार्थना, दानधर्म किंवा कुणाची तरी सेवा. मग पश्चात्तापाची प्रार्थना, आणि त्यानंतर त्यांचे शब्द : ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने मी तुला तुझ्या पापांपासून मुक्त करतो.’ सगळं मिळून अनेकदा पाच-दहा मिनिटांचं काम असतं.

बिघडतं कुठे? एक, कबुलीऐवजी कैफियत होते. ‘सासू अशी वागली म्हणून मी तसं बोलले’ यात अर्धी कबुली सासूच्या पापांची असते. दुसऱ्यांची नावं घेऊ नका, गोष्टी लांबवू नका. दुसरं, ‘मी फार अहंकारी आहे’ अशी धूसर वाक्यं. अहंकाराने काय केलंत ते सांगा. तिसरं सगळ्यांत वाईट. एखादं गंभीर पाप लाजेपोटी जाणूनबुजून दडवलं, तर ती अख्खी कबुलीच निष्फळ ठरते आणि पुन्हा करावी लागते. खरोखर विसरलं असेल तर गोष्ट वेगळी. त्याचीही क्षमा झालेली असते, पुढच्या वेळी आठवणीने सांगायचं.

गुप्ततेची धास्ती असेल तर ती सोडा. कबुलीत ऐकलेलं फोडणाऱ्या धर्मगुरूला आपोआप बहिष्काराची शिक्षा आहे आणि ती उठवण्याचा अधिकार रोमकडेच आहे. नुसतं बोलणंच नाही, ऐकलेल्या माहितीचा तुम्हाला जाच होईल असा वापर करण्याचीही त्यांना मनाई आहे. दुभाषा लागला तर तोही बांधील असतो. फोनवरून मात्र हा संस्कार होत नाही.

प्रश्न : देव थेट क्षमा करतो ना? मग मध्ये माणूस कशाला?

उत्तर : बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्या तुमच्याच बाजूने बोलतील. आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय व न्यायी असल्याने क्षमा करील, हे योहानाच्या पहिल्या पत्रातलं वचन (१:९) त्यांना पुरेसं वाटतं. त्यांच्या उपासनेत सगळी मंडळी मिळून कबुलीची प्रार्थना म्हणते. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स योहान २०:२३ कडे बोट दाखवतात. तिथे पुनरुत्थित येशू शिष्यांना म्हणतो की ज्यांच्या पापांची तुम्ही क्षमा कराल त्यांची ती झाली आहे. क्षमा करणारा देवच, धर्मगुरू त्याचं साधन, अशी त्यांची भूमिका आहे. ऑर्थोडॉक्स रीतीत तर पुष्कळ ठिकाणी धर्मगुरू शेजारी साक्षीदारासारखा उभा असतो आणि दोघांची तोंडं ख्रिस्ताच्या प्रतिमेकडे असतात.

प्रोटेस्टंटांनी कबुली मोडीत काढली, हा समज मात्र अर्धवट आहे. मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या ल्यूथरन प्रोटेस्टंटांच्या १५३० च्या ‘ऑग्सबर्ग कबुलीजबाब’ या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात खासगी पापक्षमा राखावी असंच लिहिलं आहे; पापांची यादी पुरी करण्याची सक्ती तेवढी काढून टाकली. आमचं मत विचाराल, तर मनातल्या मनात घेतलेली कबुली फार सवलतीची होते. मोठ्याने, दुसऱ्याच्या कानावर घातलेलं वाक्य आपल्यालाही पहिल्यांदाच ऐकू येतं.

प्रश्न : मारहाण करणाऱ्या नवऱ्याला क्षमा करून परत नांदायला जा, सत्तर वेळा क्षमा करायची असते, असं मला मंडळीतले लोक सांगतात. त्याने माफी मागितलेली नाही. हे खरंच येशूचं शिक्षण आहे का?

उत्तर : नाही. तीन वेगळ्या गोष्टींची इथे भेसळ झाली आहे : सूड सोडणं, समेट करणं आणि पुन्हा विश्वास टाकणं.

पहिली एकतर्फी आहे. मी याचं वाईट करणार नाही, याचा निवाडा देवाच्या हाती देते, हे समोरच्याने माफी न मागताही करता येतं, आणि त्याला वर्षं लागली तर लागू द्यावीत. समेटाला दोघं लागतात. मत्तयाच्या १८ व्या अध्यायात पायऱ्याच दिल्या आहेत. आधी एकट्याने त्याचा अपराध त्याच्या पदरात घालायचा. ऐकलं नाही तर एकदोघांना सोबत न्यायचं. तरी नाही तर मंडळीपुढे मांडायचं. मंडळीचंही ऐकत नसेल तर त्याला बाहेरचा समजायचं. ‘साताच्या सत्तर वेळा’ हे वचन त्याच अध्यायात, या पायऱ्यांच्या नंतर येतं. लोक नेमका आधीचा भाग गाळून सांगतात. आणि मार खाण्याचा धोका असेल, तिथे ‘आधी एकट्याने जा’ ही पायरीही शब्दशः घेऊ नये. आधी सुरक्षित जागा, पोलीस, कायदा.

त्या वचनानंतरचा दाखला मुळात क्षमा मिळालेल्या माणसाला धाक घालणारा आहे. एका चाकराला राजा दहा हजार तालांतांचं कर्ज माफ करतो. तालांत म्हणजे साधारण सहा हजार दिनार, आणि दिनार म्हणजे मजुराची दिवसाची मजुरी. हिशेब केला तर सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस राबला तरी दोन लाख वर्षं. तोच चाकर बाहेर पडून शंभर दिनारांसाठी दुसऱ्याचा गळा धरतो. देणं फिटण्यापलीकडचं होतं, हे ज्याला उमगलं नाही, त्याच्या हातून क्षमा होत नाही, असा त्याचा रोख आहे. मार खाणाऱ्या बाईच्या डोक्यावर हा दाखला आपटणं म्हणजे त्याचा उलटा वापर.

क्षमा झाली म्हणून परिणाम टळतात असंही बायबल सांगत नाही. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि त्याला लढाईत मारवलं. नाथान संदेष्ट्यासमोर त्याने पाप कबूल केलं, परमेश्वराने क्षमा केल्याचं त्याच क्षणी ऐकलं, आणि घरातली तलवार हटणार नाही हा निवाडा तरीही उभा राहिला (२ शमुवेल १२). तुमच्या नवऱ्याला कोर्टाला तोंड द्यावं लागलं, तर ते तुमच्या क्षमेच्या विरुद्ध नाही.

प्रश्न : तारण विश्वासाने की कर्माने? पौल एक म्हणतो, याकोब दुसरं.

उत्तर : तारण कृपेने, विश्वासाद्वारे होतं, कर्मांनी नाही, असं पौल म्हणतो (इफिस २:८-९); माणूस केवळ विश्वासाने नव्हे तर कर्मांनी नीतिमान ठरतो, असं याकोब (२:२४). दोघं वेगवेगळ्या लोकांशी भांडत आहेत. पौलासमोर नियम पाळून देवाला ऋणी करू पाहणारे होते. याकोबासमोर उघड्या, उपाशी भावाला ‘ऊब घे, तृप्त हो’ म्हणून वाटेला लावणारे. १५१७ मध्ये ल्यूथरने वाद उभा केला, त्यानंतर या प्रश्नावर पश्चिमेची ख्रिस्तसभा दुभंगली. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग इथे कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, त्याचा गाभा असा : देव आपल्याला स्वीकारतो तो केवळ कृपेने, आपल्या कुठल्याही पात्रतेमुळे नाही, आणि पवित्र आत्मा सत्कर्मांसाठी आपल्याला सिद्ध करतो. मेथडिस्ट या आणखी एका प्रोटेस्टंट पंथाने २००६ मध्ये त्याला दुजोरा दिला. सगळे वाद मिटले असं नाही, पण जुने शिव्याशाप आता एकमेकांना लागू होत नाहीत एवढं मान्य झालं. येशूशेजारी वधस्तंभावर असलेल्या गुन्हेगाराला (लूक २३) सत्कर्मं करायला वेळच नव्हता, तरी त्याला ‘आज’ सुखलोकाचं वचन मिळालं. ज्यांच्याकडे वेळ आहे त्यांनी त्याचा दाखला देत बसू नये.

प्रश्न : पवित्र आत्म्याविरुद्ध निंदेचं पाप माझ्या हातून झालं असेल, या भीतीने झोप लागत नाही. तीच तीच कबुली मी कितीदा दिली आहे.

उत्तर : या निंदेला क्षमा नाही असं येशू मार्क ३ मध्ये म्हणतो, पण तिथला संदर्भ पाहा. येशू भुतं काढतो हे शास्त्री डोळ्यांनी बघतात आणि ते सैतानाच्या बळावर चाललं आहे म्हणतात. देवाचं काम ओळखूनही त्याला सैतानाचं ठरवायचं आणि क्षमेचं दारच लावून घ्यायचं, असा तो हट्ट आहे. मनात अचानक येऊन गेलेला घाणेरडा विचार म्हणजे ते पाप नव्हे. ज्याला त्याची भीती वाटते, त्याने दार लावलेलं नाही, हेच पाळक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत.

क्षमा झालेलं पाप पुन्हा सांगू नका. एकच धर्मगुरू किंवा पाळक धरा, ‘हे सांगून झालं आहे’ असं त्यांनी म्हटलं की थांबा, दुसऱ्याकडे खात्री करायला जाऊ नका. त्याने शंका शमत नाही, वाढते. झोप उडाली आहे म्हणता, तर मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटा. विचार आणि शंका अशा घोळत राहणं हा आजारही असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत.

आणखी दोन, थोडक्यात

ख्रिस्ती नसलेल्यांचं तारण होतं का? मतं एक नाहीत. बऱ्याच इव्हँजेलिकल प्रोटेस्टंट मंडळ्या ख्रिस्तावर प्रत्यक्ष विश्वास आवश्यक मानतात. कॅथलिक शिकवण १९६४ च्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजात आहे : स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान कळलं नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात आणि विवेकाला अनुसरून जगतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. तेही ख्रिस्ताच्याच कृपेने, असं ती सांगते.

मोठेपणी बाप्तिस्मा घेतला, तर आधीची पापं कबुलीत सांगायची का? नाही. कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्म्यातच त्या सगळ्यांची क्षमा होते. कबुली त्यानंतरच्या पापांची. कुणाचे पैसे बुडवले असतील, तर ते मात्र बाप्तिस्म्यानंतरही द्यायचेच.