प्रश्न : एकाच तारखेला इतक्या थोर लोकांचे जन्म आणि मोठ्या घटना कशा येतात? हा निव्वळ योगायोग असतो का?

योगायोगच. पण निवडणाऱ्याचा हातही त्यात कमी नसतो, हे स्वतःच्या उद्योगावरून सांगतो.

ठाण्यात चरईला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी एक फळा आहे. वर पाण्याची वेळ, त्याखाली मेंटेनन्स थकवणाऱ्यांना गोड शब्दांत आठवण आणि उरलेल्या जागेत 'आजचा दिनविशेष'. निवृत्त झाल्यापासून तो मी लिहितो. जागा जेमतेम चार ओळींची. त्यामुळे कोणाला घ्यायचं आणि कोणाला गाळायचं, हे रोज सकाळी हातात खडू घेऊन मीच ठरवतो.

आधी हिशेब. जगात आज आठशे कोटींच्या वर माणसं. ती ३६५ दिवसांत वाटलीत तर तुमच्या वाढदिवसाचे वाटेकरी दोन कोटींहून जास्त निघतात, आणि त्यात होऊन गेलेले धरलेलेच नाहीत. एवढ्यांत एखादा शास्त्रज्ञ, एखादी नटी आणि एखादा हुकूमशहा नसेल तरच नवल. दुसरं म्हणजे, नुसते २३ जण एका खोलीत बसवले तरी त्यातल्या कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते. हे मी गणपतीची वर्गणी गोळा करताना तपासलं. आमच्याच विंगमध्ये दोन ७ जून निघाले, वरचा मजला आणि खालचा मजला. गळक्या बाथरूमवरून त्यांचं बोलणं बंद आहे, ते सोडा.

ठाणेकराची लाडकी तारीख १६ एप्रिल. १८५३ साली त्या दुपारी बोरीबंदरहून १४ डबे आणि सुमारे ४०० पाहुणे घेऊन पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली. इंजिनं तीन : साहिब, सिंध आणि सुलतान. ३४ किलोमीटरला ५७ मिनिटं लागली. आजची धीमी लोकलही साधारण तेवढाच वेळ घेते, फक्त तोफांची सलामी मिळत नाही. त्याच तारखेला १८६७ मध्ये विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बरचा जन्म. या दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या तर बी विंगचे काका खूश, "बघा, हा दिवसच दळणवळणाचा!" मी तिसरी ओळ लिहिली : १८८९, चार्ली चॅप्लिन यांचा जन्म. काका गप्प.

तारखा वाटतात तितक्या पक्क्याही नसतात. एकदा मी 'टायटॅनिक बुडाली' हे १४ एप्रिलच्या ओळींत टाकलं. संध्याकाळी सातवीतल्या एका मुलीने मला गेटपाशीच गाठलं. जहाज हिमनगावर आदळलं १४ ला रात्री पावणेबाराच्या सुमारास, बुडालं ते १५ ला पहाटे. तिचं बरोबर होतं, ओल्या फडक्याने पुसून दुरुस्त केलं. न्यूटनचा जन्म इंग्लंडच्या तेव्हाच्या कालगणनेत २५ डिसेंबर १६४२ चा, आताच्या पद्धतीने ४ जानेवारी १६४३ चा. आपल्याकडे तर शिवजयंती तारखेनेही होते आणि तिथीनेही. माझी आई तारखेला वाढदिवस मानायचीच नाही, औक्षण तिथीला. तिथी आणि तारीख पुन्हा जुळायला साधारण १९ वर्षं लागतात, म्हणजे माझ्या एकोणिसाव्या वाढदिवशी मला एकदाच काय ते औक्षण आणि केक एका दिवशी मिळाले.

माझी सगळ्यात अवघड तारीख मात्र १ ऑगस्ट. लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊ साठ्यांची जयंती, आणि नुसती तारीख नाही, सालही तेच : १९२०. वर कोणाला लिहायचं यावर एका वर्षी फळ्यापुढे छत्र्या घेऊन चांगली अर्धा तास चर्चा रंगली. तेव्हापासून दोघं एकाच ओळीत, शेजारी शेजारी. आणि गंमत बघा, टिळक मुंबईत सरदारगृह या लॉजमध्ये वारले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर. दोनेक तास आधी गेले असते तर पुण्यतिथी ३१ जुलैला पडली असती आणि माझी ओळ वाचली असती.