सव्वा महिना तुझाही आहे

मावशी, अमळनेर तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. वय 24. सातव्या महिन्यात पाय सुजले, डोकं ठणकायचं. सगळे म्हणाले, दिवस गेल्यावर पाय सुजतातच. मग एका रात्री डोळ्यांपुढे अंधारी आली, बीपी 170. धुळ्याला नेऊन सिझर केलं. मुलगी झाली, 1100 ग्रॅमची. चार दिवस काचेच्या पेटीत होती, मग गेली. मला शेवटचं दाखवलंही नाही. सासूबाई म्हणतात, ग्रहणात विळीवर बसलीस म्हणून झालं. हे तर काही बोलतच नाहीत. आज पंचवीस दिवस झाले, मी स्वयंपाकाला लागलेय. पोळ्या लाटताना अजून मधूनच चोळी भिजते, मी पदर ओढून घेते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाऊ का? घरचे म्हणतात, लवकर दुसरं होऊ दे.

*

बाई गं, 'स्वयंपाकाला लागलेय' इथंच मी अडले. पंचविसाव्या दिवशी! मांडीवर बाळ असतं तर तुला सव्वा महिना खाटेवरून उठू दिलं नसतं. डिंकाचे लाडू, शेक, डोक्याला रुमाल, सगळं झालं असतं. बाळ नाही म्हणून बाळंतपणच झालं नाही, असं घरानं धरलेलं दिसतंय. पण पोटावरची शिवण तर तीच ना? तू बाळंतीण आहेस. हंडे-कळशा उचलणं आजपासून बंद. सासूबाईंना सांगवत नसेल तर आईला बोलावून घे, तिच्या तोंडून सांग.

आता विळीचं. तुला झालं त्याला डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात. पाचव्या महिन्यानंतर बीपी 140/90च्या वर जातं, बहुतेक वेळा लघवीतून प्रथिनं जायला लागतात. याचं मूळ वारेत असतं. गर्भ रुजतो त्या सुरुवातीच्या दिवसांतच वारेच्या रक्तवाहिन्या नीट तयार होत नाहीत. म्हणजे बिघाड झाला तेव्हा तुझं पोट दिसतही नव्हतं. ग्रहणाचा, विळीचा, तुझ्या बसण्या-उठण्याचा यात काही संबंध नाही. डोकं ठणकणं ही खूण होती, आणि ती घरात कुणालाच ओळखता आली नाही. तो दोष एकट्या सुनेच्या माथी कसा?

हे बीपी बाळंतपणानंतरही सहा आठवडे दगा देऊ शकतं. म्हणून या आठवड्यातच आरोग्य केंद्रात मोजून घे. पुन्हा अंधारी आली, डोकं फुटायला लागलं, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा दम लागला, तर सकाळची वाट बघायची नाही. दुधासाठी गार पाण्याची घडी आणि आधार देणारी पण न आवळणारी चोळी, पिळून काढू नकोस. दूध आटवायच्या गोळ्या मेडिकलवरून परस्पर आणू नकोस, बीपीवालीला त्यातल्या काही घातक ठरतात.

दुसऱ्या बाळाची घाई घरच्यांना असेल, शिवणीला नाही. पुन्हा दिवस जाण्याआधी दीड-दोन वर्षं तरी जाऊ देत. पुढच्या वेळी पाळी चुकल्याबरोबर डॉक्टरांकडे जा आणि डिस्चार्जचा कागद दाखव. तिसरा महिना संपता संपता कमी मात्रेची अॅस्पिरिन सुरू करतात, त्यानं हा धोका कमी होतो. पण ती डॉक्टरांनीच द्यायची.

चार दिवसांच्या बाळाचीही जन्म-मृत्यूची नोंद होते. धुळे महापालिकेतून दोन्ही दाखले आणायला सांग. ती होती, याचा तेवढा कागद तरी तुझ्या ट्रंकेत राहील.

आखाजीला माहेरी जरूर जा. झोक्यापाशी बायका विचारतीलच, तेव्हा उत्तर आईनं द्यायचं, हे आधी ठरवून ठेव. आणि दारी पितरांची घागर भरतात, तिच्याशेजारी एक लहान मडकं भरून त्यावर डांगराची, म्हणजे खरबुजाची, फोड ठेवावीशी वाटली तर ठेव. शास्त्र विचारत बसू नकोस. झोपच येईना, जगणं नकोसं वाटलं, तर 14416 लाव. टेलिमानस आहे, फुकट, मराठीत बोलतात.

राहिले तुझे 'हे'. एवढ्या लहान बाळाला आपल्याकडे पुरतात, दहावं नाही, तेरावं नाही, मग त्यालाही रडायला दिवस कुठला मिळणार? तुला नेलं नाही, पण तो गेला असणार. रात्री दिवा मालवल्यावर विचार, तिला कशात गुंडाळलं होतं? कुठल्या बांधाला, कुठल्या झाडाखाली ठेवलं? तो सांगायला लागला की मध्ये बोलू नकोस.