सखालीन बेट रशियाकडे गेलं, मग तिथल्या माणसांचं काय झालं?

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धानंतर जपानकडचा अर्धा सखालीन रशियाने घेतला, पुस्तकात एवढी एकच ओळ असते. तिथे राहणाऱ्या लोकांचं काय झालं? सगळ्यांना हाकललं का? – एक वाचक, सातारा

उत्तर: नाही, सगळ्यांना नाही. हाकलले गेले त्यांचे हाल झालेच, पण ज्यांना जायचं होतं आणि कोणी नेलंच नाही त्यांचे माझ्या मते जास्त झाले.

१९०५ मध्ये रशियाला हरवून जपानने ५० अक्षांशाच्या खालचा भाग घेतला, काराफुटो नाव दिलं, कोळशाच्या खाणी आणि कागदाचे कारखाने काढले. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत फौज आली तेव्हा तिथे चारेक लाख लोक होते, बहुतेक जपानी. काहीजण बोटींनी निसटले, बाकीच्यांना १९४६ च्या शेवटापासून १९४९ पर्यंत जहाजांनी होक्काइदोला, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर, पाठवलं. घरदार गेलं सगळं, पण निदान उतरवून घेणारा एक देश तरी होता.

कोरियन लोकांना तोही नव्हता, कोरिया तेव्हा जपानच्याच ताब्यात होता. वीस हजारांच्या वर माणसं, बरीचशी दक्षिण कोरियातली, त्यातले कितीतरी जपानने युद्धात खाणींवर जबरदस्तीने नेलेले. आणि जपान हरत असताना काराफुटोतल्या मिझुहो नावाच्या गावात जपानी शेजाऱ्यांनीच हेर समजून २७ कोरियन मारले, त्यात बायका आणि लहान मुलंही होती, हे वाचताना अजून अंगावर काटा येतो. नंतर जहाजं लागली तेव्हा हे आता जपानी नाहीत म्हणून यादीत नाव नाही, आणि सोव्हिएत संघाचे दक्षिण कोरियाशी १९९० पर्यंत संबंधच नव्हते, म्हणजे जायचं तरी कुठून? काहींनी सोव्हिएत नागरिकत्व घेतलं, काहींनी उत्तर कोरियाचं, आणि कितीतरी जणांनी कुठलंच घेतलं नाही कारण गावी परतायची वाट बंद होईल ही भीती, मग शेजारच्या गावात जायलासुद्धा परवानगी काढा. २००० मध्ये सोलजवळ आन्सान इथे त्यांच्यासाठी इमारती बांधल्या, पण १५ ऑगस्ट १९४५ च्या आधी जन्मलेल्यांनाच परवानगी, म्हणजे म्हातारे आई-बाप कोरियात आणि मुलं-नातवंडं सखालीनमध्ये, परत ताटातूट! २०२१ च्या कायद्याने सोबत एक अपत्य न्यायची मुभा मिळाली, मग कोणाला न्यायचं ते आई-बापांनीच ठरवायचं; एकाच अपत्याची ही अट २०२४ मध्ये काढली.

आणि बेटावरचे मूळचे लोक? आयनूंची नोंद जपानी म्हणून होती त्यामुळे बहुतेक सगळे होक्काइदोला गेले, जिथे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या काहीच नव्हतं. निव्ख आणि उइल्ता लोकांना जपानने पूर्ण नागरिक कधी मानलंच नाही, तरी १९४२ पासून त्यांच्या तरुणांना लष्कराने सीमेवर टेहळणीला लावलं, आणि त्याच कामासाठी सोव्हिएतांनी नंतर त्यांना सैबेरियाच्या छावण्यांत टाकलं. त्यातले एक, दाहिन्निएनी गेंदानू, सुटल्यावर होक्काइदोच्या आबाशिरीत राहिले आणि १९७० च्या दशकात त्यांनी जपान सरकारकडे सैनिकाची पेन्शन मागितली. उत्तर आलं की तुम्हाला सैन्यभरतीचा कायदा लागूच नव्हता, म्हणजे तुम्ही सैनिकच नव्हता. १९८४ मध्ये ते वारले, पेन्शन शेवटपर्यंत मिळाली नाही.