साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये सायटेशन आणि संदर्भसूची कशी घालायची?

तुम्ही लिहिलंय की मित्रांसाठी मार्कडाऊनचा (साध्या खुणांनी मजकूर सजवायची पद्धत) एक साधा एडिटर बनवलाय, आता त्यातले पीएचडीवाले मागं लागलेत की संदर्भ टाकता आले पाहिजेत आणि शेवटी सूची आपोआप आली पाहिजे, तर हे सगळं स्वतः लिहू का तयार काही घेऊ. मी सोलापुरात असलीच कामं करतो आणि आमच्या वहिनींच्या प्रबंधासाठी हेच जोडून दिलंय, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

फॉरमॅटिंगचा कोड स्वतः लिहायच्या भानगडीत पडूच नका. वरवर बघितलं तर वाटतं काय त्यात, मजकुरातली 'की' (प्रत्येक पुस्तकाला दिलेलं छोटं खुणेचं नाव) शोधायची, तिथं कंसात नाव आणि साल टाकायचं, खाली यादी छापायची, झालं. पण एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन पुस्तकं आली की सालापुढं अ, ब लावावं लागतं आणि ते मागच्या सगळ्या संदर्भांनाही लागतं, म्हणजे शेवटच्या पानावर एक संदर्भ वाढवला की पहिलं पान बदलतं. तळटीपांत 'तत्रैव' (म्हणजे वरच्याच पुस्तकात) वापरायची शैली असली तर अजून मजा, मधला परिच्छेद उचलून दुसरीकडं चिकटवला की तत्रैव भलत्याच पुस्तकाचं होऊन बसतं. म्हणजे दरवेळी अख्खं डॉक्युमेंट एकत्र बघावं लागतं, नुसत्या फाइंड-रिप्लेसचं हे काम नाही.

हे सगळं सीएसएलवाल्यांनी आधीच करून ठेवलंय, सीएसएल म्हणजे संदर्भांच्या शैली लिहून ठेवायची एक भाषा. शैली एक्सएमएल फाइलमध्ये असते, संदर्भ साठवायचं झोटेरो सॉफ्टवेअरपण तीच वापरतं, तयार शैली १०,००० च्या वर आहेत. एडिटर जावास्क्रिप्टमध्ये असेल तर सिटप्रॉक-जेएस (सीएसएल शैलीनुसार संदर्भ तयार करणारा तयार कोड) घ्या, नाहीतर एक्सपोर्टच्या वेळी सरळ पँडॉकला (एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलणारा प्रोग्राम) हाक मारा. पँडॉकमध्ये २०२० च्या २.११ आवृत्तीपासून सिटप्रॉक आतच आहे, त्यामुळं वेगळा फिल्टर बसवा म्हणणारी जुनी उत्तरं दिसली तर सोडून द्या.

मजकुरातली खूणपण पँडॉकचीच ठेवा, चौकोनी कंसात ॲटचं चिन्ह, मग की, मग स्वल्पविराम देऊन पान नंबर. स्वतःची नवी खूण काढलीत तर उद्या ती फाइल दुसरीकडं कुठंच उघडून उपयोग नाही. फक्त ॲटच्या आधी अक्षर किंवा आकडा असेल तर तो ईमेलचा पत्ता समजून सोडायचा, आणि कोड ब्लॉकच्या आत शिरायचं नाही. की रोमन अक्षरांतच ठेवायला सांगा, जुन्या बिबटेकला (संदर्भांच्या नोंदी ठेवायची एक पद्धत) युनिकोड, म्हणजे देवनागरीसारखी अक्षरं, झेपत नाही.

तुमचं खरं काम ऑटोकंप्लीटचं. ॲट दाबला की यादी उघडली पाहिजे आणि ती नुसत्या कीवर नाही, लेखक, शीर्षक, साल सगळ्यात शोधणारी पाहिजे, कारण की कुणाच्याच लक्षात राहत नाही. सूचीत नसलेली की टाइप झाली तर लाल रेघ, तिथल्या तिथं. वहिनींना सगळ्यात जास्त हेच आवडलं, बाकीच्या फीचरचं त्यांना काही पडलेलं नाही.

आता मराठीची गंमत. लेखकाच्या जागी 'महाराष्ट्र शासन' लिहिलं की सूचीत 'शासन, महाराष्ट्र' छापून येतं, कारण प्रोग्रामला तो माणूस वाटतो आणि शासन त्याचं आडनाव. बिबटेकमध्ये असल्या नावाला दुहेरी महिरपी कंस घालायचे, सीएसएलच्या जेसन डेटा फाइलमध्ये 'लिटरल' नावाचं फील्ड वापरायचं. साल डेटामध्ये इंग्रजी आकड्यांत ठेवा, देवनागरी आकडे छापताना करा. जुन्या पुस्तकांवर शके असतो, त्यात ७८ मिळवून इसवी सन काढा (पुस्तक जानेवारी ते मार्चमधलं असेल तर बहुतेक ७९), आणि मूळ शके टीपेत राहू द्या. 'व इतर', 'संपा.', 'पृ.' हे शब्द शैलीच्याच फाइलमध्ये लोकेल (भाषेनुसारचे शब्द) म्हणून घालता येतात, कोडमध्ये हात घालायची गरज नाही.

क्रमवारी मात्र नीट बघा. साध्या युनिकोड क्रमानं ळ हा ल आणि व च्या मध्ये येतो आणि क्ष क मध्ये घुसतो, आपल्या कोशात ळ, क्ष, ज्ञ ह नंतर असतात. म्हणून कोलेटरला (अक्षरांचा क्रम लावणारा कोड) भाषा मराठी सांगायची. आणि आमच्याकडं तर एका प्रबंधात मराठी, कन्नड, तेलुगू, इंग्रजी चारही असतात, १८८४ चं शोलापूर गॅझेटियर घ्या, गिरण्यांवरचं मराठी घ्या, पद्मशाली समाजाचं तेलुगू घ्या. काही गाइड भाषेनुसार वेगळ्या सूच्या मागतात, काहींना एकच चालते, त्यामुळं प्रत्येक नोंदीला भाषेचं फील्ड पहिल्या दिवसापासून ठेवा, नंतर शेकडो नोंदींत हातानं भरत बसणं म्हणजे डोक्याला ताप.

आणि एक, एडिटर विकायचा किंवा वाटायचा विचार असेल तर सिटप्रॉक-जेएसचं लायसन्स आधी वाचा, ते सीपीएएल किंवा एजीपीएल असं आहे, एमआयटी लायसन्ससारखं मोकळं नाही. घरगुती वापराला काही अडचण नाही.