घरी महिन्याला चार-पाच पानंच छापायची असतील तर इंकजेट प्रिंटर घ्यावा की लेझर?

एवढंच काम असेल तर लेझर, तोही साधा ब्लॅक अँड व्हाइट. इंकजेटमध्ये शाई केसाहून बारीक छिद्रांतून कागदावर उडते. कॅनन, एचपीच्या घरगुती मशीनमध्ये ती क्षणात तापवून बुडबुड्याने ढकलतात. एप्सन हेच काम विजेने वाकणाऱ्या स्फटिकाकडून करून घेतं. मशीन बरेच दिवस बंद राहिलं की हीच छिद्रं वाळून बुजतात, मग हेड क्लीनिंग, म्हणजे शाई सोडून छिद्रं मोकळी करणं, करता करता महागडी शाई वाया.

लेझरमध्ये वाळण्यासारखं काही नसतंच. लेझरचा किरण ड्रमवर, म्हणजे आतल्या फिरत्या नळकांड्यावर, विद्युतभाराने अक्षरं उमटवतो, टोनरची पूड तिथे चिकटून कागदावर उतरते आणि फ्यूजरचा सुमारे २०० अंश तापलेला रूळ ती वितळवून पक्की करतो. म्हणून तर पान गरमागरम बाहेर येतं.

फोटो मात्र इंकजेटवरच छान येतात. पोरांचे रंगीत प्रोजेक्ट सतत असतील तर इंक टँकवाला (बाटलीतून शाई ओतून भरायच्या टाकीचा) इंकजेट घ्या आणि आठवड्याला एक रंगीत पान काढत राहा.

बँकेत पासबुकावर करकरतो तो डॉट मॅट्रिक्स. त्याच्या ९ किंवा २४ पिना रिबनवर आपटतात, त्यामुळे कार्बन कॉपीही निघते. घरात तो आवाज कोण सोसणार!